तीन वह्या

मी लाझारू, मलाक्क्याचा. अक्षर बरं म्हणून
लाबुआन बेटावर आणलेला कारकून.
गॉर्ली डॉक्टरांच्या तीन वह्या मी उतरवत असे:
एक मेलेल्यांची, एक गुन्हेगारांची
आणि एक गोगलगायींची.
गोगलगायींच्या वहीचा कागद सगळ्यांत चांगला,
तो त्यांनी पदरचे पैसे घालून मागवलेला.

सकाळी दवाखाना. कोळशाच्या खाणीतून
झोळीत घालून आणलेली माणसं, दात वाजणारी.
क्विनाइन ते असं मापत
जसा सोनार गुंजेवर सोनं.
दुपारी तेच टेबल फिरवून
खिडकीकडे पाठ केली की झाली कचेरी,
तेच न्यायाधीश. चष्मा तेवढा दुसरा.
रात्री बरण्या, स्पिरिटचा वास,
आणि दिव्यावर आपण होऊन हजर होणारे पतंग,
समन्स न काढता.

साबान कदायान. रान त्याच्या तळपायांना पाठ.
घटपर्णीला तो माकडाचं मडकं म्हणे,
त्यात चिकट भात शिजवून आणी.
डॉक्टर आधी दुसऱ्या मडक्यातल्या बुडालेल्या मुंग्या मोजत,
मग भात खात.
पानं दाबायला फळ्या हव्यात म्हणून
साबानने एक झाड पाडलं.
झाड निघालं राणीच्या मालकीचं.
दंड तीन डॉलर.
ठोठावला डॉक्टरांनी, भरला डॉक्टरांनी,
पावतीवर देणार आणि घेणार, दोन्हीकडे
त्यांचीच सही.
मी शाई टिपली आणि हसू ओठांत दाबलं.
साबान हसला नाही. त्याने विचारलं,
राणीने हे झाड कधी पाहिलंय का?
प्रश्न नोंदला गेला नाही.

खाणीतून पळाला म्हणून तान बू लियाटला
बारा फटके लिहिले त्यांनी, न्यायाधीश म्हणून.
मग उठून नाडी पाहिली,
‘सोसेल’ असं लिहिलं, डॉक्टर म्हणून.
संध्याकाळी पाठीला मलम लावलं
तेही त्यांनीच, बोटं गरम पाण्यात बुडवून घेऊन.
बू लियाट उपडा पडल्या पडल्या काहीतरी म्हणाला.
दुभाष्या जेवायला गेला होता.
डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतो?
हॉक्किएन मला येत होती.
मी म्हटलं, आभार मानतो.

पुढे लंडनहून पत्र आलं.
डाव्या वळणाच्या एका पिवळ्या गोगलगायीला
त्यांचं नाव दिलं होतं.
त्या रात्री त्यांनी एक पेला जास्त घेतला,
आणि बँफला बहिणीला लिहिलं
(पत्राची नक्कल माझ्याच हातची):
मूलबाळ नाही म्हणून आता रडू नकोस,
आपलं आडनाव चालेल. सावकाश चालेल.

सातव्या वर्षी ताप त्यांच्याकडेही आला.
क्विनाइन या वेळी मी मापलं,
हात कापला, थोडं सांडलं.
साबान दाराशी बसून होता,
आत ये म्हटलं तरी येईना.
तिसऱ्या रात्री डॉक्टर म्हणाले, लाझारू,
बू लियाट त्या दिवशी खरं काय म्हणाला?
मला वाटलं होतं, विसरले असतील.
बू लियाट तर केव्हाच
पहिल्या वहीत गेला होता, पान एकतीस.
मी सांगितलं. तो म्हणाला होता,
हा तोच हात ना, दुपारी सही केलेला?
मग इतका हलका कसा?

बराच वेळ ते छताकडे बघत राहिले.
मग म्हणाले, लिहून ठेव.
मी दौत पुढे ओढली. टाक बुडवला.
विचारलं, कुठल्या वहीत?

तेवढ्यात दिव्यावर एक पतंग आला,
करड्या पंखांचा, कडेला नारिंगी रेघ,
आणि सवयीने
त्यांची मान तिकडे वळली.